नवी विजेवरची गाडी, फोन आणि संगणक: नागपूरच्या उन्हात पहिली घडी कशी बसवावी

हा लेख अशा वाचकांसाठी आहे ज्यांच्या घरी पहिली विजेवरची गाडी येऊ घातली आहे किंवा नुकतीच आली आहे, ज्यांच्या टेबलावर संगणक आहे, खिशात चांगला फोन आहे आणि ज्यांना ही सगळी यंत्रे एकमेकांशी नीट जोडून वापरायची आहेत. गाडी कोणती घ्यावी, फोन कोणता घ्यावा, याविषयी सल्ला देणारे पुष्कळ आहेत. यंत्र घरी आल्यावर ते कुठे ठेवावे, त्याला वीज कशी द्यावी आणि उन्हापासून ते कसे जपावे, हे मात्र नवख्या माणसाला सहसा कोणी सांगत नाही. यंत्र निवडण्यात आपण जेवढा वेळ घालवतो त्याच्या निम्मा वेळ जरी त्याच्या जागेला, सावलीला आणि अर्थिंगला (गळतीची वीज जमिनीत नेणाऱ्या जोडणीला) दिला, तरी नागपुरात ते यंत्र कितीतरी अधिक टिकते, असे माझे ठाम मत आहे आणि पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याच मतावर उभ्या आहेत.

याचे कारण इथले हवामान. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली होती. तो उच्चांक बाजूला ठेवला तरी मे महिन्यात ४४-४५ अंश ही आपल्याकडे नेहमीची गोष्ट आहे आणि नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) सुरू झाला की रात्रीही भिंती गरम राहतात. फोन, लॅपटॉप, पॉवर बँक आणि विजेवरची गाडी या सर्वांच्या पोटात लिथियम-आयन जातीची बॅटरी असते आणि ती लवकर म्हातारी होण्याची दोन मोठी कारणे म्हणजे उष्णता आणि बराच काळ पूर्ण भरलेल्या अवस्थेत पडून राहणे. ही दोन कारणे एकत्र आली की नुकसान अधिक वेगाने होते. बहुतेक फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरण्यासाठी बनवलेले असतात, म्हणजे आपल्याकडे एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात सकाळी अकरा वाजता ती मर्यादा ओलांडली जाते.

पायरी पहिली: गाडी येण्याआधी घरची वीज तपासून घ्यावी

गाडीची नोंदणी केल्यापासून ती हातात येईपर्यंत मिळणारा वेळ या कामासाठी वापरावा. सर्वप्रथम महावितरणचे बिल काढून त्यावरील मंजूर भार, म्हणजे घराला एका वेळी किती वीज ओढण्याची परवानगी आहे तो आकडा, पाहावा. जुन्या घरांमध्ये तो दोन किंवा तीन किलोवॉट इतकाच असतो. गाडीसोबत येणारा साधा चार्जर एकटाच सुमारे ३.३ किलोवॉट वीज ओढतो आणि भिंतीवर बसवायचा मोठा चार्जर ७.२ किलोवॉट. रात्री एसी, कूलर, फ्रिज आणि गाडी एकाच वेळी चालणार असतील, तर मंजूर भार वाढवून घेण्याचा अर्ज आधीच करावा. सदनिकेत राहणाऱ्यांनी सोसायटीकडून लेखी परवानगी घ्यावी आणि मीटरच्या खोलीपासून आपल्या पार्किंगच्या जागेपर्यंत केबल किती लांब जाईल व कोणाच्या भिंतीवरून जाईल, हे इलेक्ट्रिशियनला सोबत घेऊन प्रत्यक्ष चालून पाहावे. तोंडी होकारावर विसंबून गाडी आणली आणि मग केबलसाठी कोणी अडवले, तर हाताशी उपाय राहत नाही.

यानंतरचा मुद्दा १५ अँपिअरच्या सॉकेटचा. घरात गिझरसाठी असे सॉकेट असते, म्हणून गाडीही त्यावर चालेल असे पुष्कळांना वाटते. गिझर पंधरा-वीस मिनिटे चालतो आणि बंद होतो. गाडीचा चार्जर मात्र सलग सात-आठ तास १४ अँपिअरच्या आसपास विद्युतप्रवाह ओढत राहतो. सॉकेटमधील पकड किंचित सैल असली, वायर बारीक असली किंवा कुठे जोड दिलेला असला, तर ती जागा तापत जाते, प्लास्टिक पिवळे पडते आणि अखेर वितळते. म्हणून गाडीसाठी मुख्य वितरण पेटीपासून थेट निघालेली स्वतंत्र लाइन घ्यावी. साध्या चार्जरला ४ चौरस मिलिमीटरची आणि ७.२ किलोवॉटच्या चार्जरला किमान ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर असावी, अंतर जास्त असल्यास त्याहून जाड. त्या लाइनवर वेगळी एमसीबी (प्रवाह जास्त झाल्यास वीज तोडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (प्रवाहाची गळती झाल्यास वीज तोडणारा स्विच) बसवावी. विजेवरच्या गाडीच्या बाबतीत गळतीचा प्रवाह डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या, स्वरूपाचाही असू शकतो, त्यामुळे आरसीसीबी घेताना ती गाडीच्या चार्जरसाठी योग्य प्रकारची आहे ना, हे चार्जर बनवणाऱ्या कंपनीच्या सूचनापत्रकाशी ताडून पाहावे. एक्स्टेंशन बोर्ड कोणत्याही परिस्थितीत वापरू नये. पहिल्यांदा गाडी चार्जिंगला लावल्यावर तासाभराने मुख्य स्विच बंद करावा, प्लग काढून त्याच्या प्लास्टिकला हात लावावा. कोमट असेल तर हरकत नाही. हात ठेववत नसेल तर त्या सॉकेटवर पुन्हा गाडी लावू नये.

आता अर्थिंगविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण नागपुरात गाडी चार्ज न होण्याच्या तक्रारींचे मूळ पुष्कळदा इथे सापडते. घरातील दिवे, पंखे आणि टीव्ही अर्थिंग खराब असले तरी बिनतक्रार चालतात, त्यामुळे ते खराब आहे हे वर्षानुवर्षे कळतच नाही. गाडीचा चार्जर मात्र वीज सुरू करण्याआधी अर्थिंग तपासतो आणि ते समाधानकारक नसेल तर लाल दिवा दाखवून थांबतो. इलेक्ट्रिशियनला मल्टीमीटर घेऊन बोलवावे आणि आपल्या डोळ्यांसमोर तीन मोजमापे घ्यायला सांगावी. फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये २३० व्होल्टच्या आसपास दाब दिसला पाहिजे. फेज आणि अर्थ यांच्यामध्येही जवळपास तेवढाच दिसला पाहिजे. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये तो साधारणपणे ५ व्होल्टच्या आत असावा. तिसरा आकडा १५, २० किंवा ४० असा येऊ लागला की अर्थिंगचा खड्डा पाहण्याची वेळ आली, असे समजावे. हे मोजमाप गिझर किंवा इस्त्री चालू असताना पुन्हा एकदा घ्यावे, कारण भार नसताना चांगला दिसणारा आकडा भार आल्यावर बिघडू शकतो.

आपल्याकडच्या काळ्या मातीचा स्वभाव इथे लक्षात घ्यावा लागतो. पावसाळ्यात ही माती पाणी धरून ठेवते आणि अर्थिंग उत्तम चालते. मार्चनंतर ती सुकते, आक्रसते, तिला भेगा पडतात आणि जमिनीतील पट्टी किंवा पाइप यांच्याभोवतीची माती सुटते. म्हणून जानेवारीत निर्धोक चार्ज होणारी गाडी मे महिन्यात अचानक लाल दिवा दाखवू लागते आणि दोष गाडीवर ढकलला जातो. खड्ड्यावरील झाकण उघडून, पाणी घालण्यासाठी ठेवलेल्या पाइपातून उन्हाळाभर दर आठवड्याला एक-दोन बादल्या पाणी घालावे. जुन्या बांधकामात खड्डाच फरशीखाली गाडला गेला असेल, तर नवा खड्डा घेण्याचा खर्च टाळू नये. ही सगळी कामे परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावीत. आपण शेजारी उभे राहून आकडे वहीत लिहून घ्यावेत, एवढेच आपले काम.

पायरी दुसरी: गाडी ताब्यात घेताना

गाडी घ्यायला सकाळी जावे, दिवसाच्या उजेडात. संध्याकाळी शोरूमच्या दिव्यांखाली रंगावरचे ओरखडे दिसत नाहीत. नमुना २१, म्हणजे विक्री प्रमाणपत्र, यावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष लिहिलेले असते. ते गाडीवरील पट्टीशी जुळते का पाहावे. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, उदाहरणार्थ १८२५, याचा अर्थ २०२५ सालचा अठरावा आठवडा. चारही टायरांचे आकडे एकमेकांच्या जवळपासचे असावेत. स्टेपनी असल्यास तिचाही आकडा वाचावा, नसल्यास पंक्चर दुरुस्तीचे साहित्य दिले आहे का आणि ते कसे वापरायचे, हे विचारून घ्यावे.

तंत्राची आवड असलेल्या माणसाने एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. हल्लीच्या गाड्यांना स्वतःचे सिम असते आणि फोनवरील अ‍ॅपमधून गाडी उघडणे, एसी चालू करणे, ती कुठे उभी आहे हे पाहणे शक्य होते. शोरूममध्ये घाईघाईत हे खाते विक्री प्रतिनिधीच्या मोबाइलवरून किंवा त्याच्या ईमेलवरून उघडले जाण्याची शक्यता असते. गाडी हलवण्यापूर्वी खाते आपल्याच क्रमांकावर आणि आपल्याच ईमेलवर उघडावे, पासवर्ड स्वतः टाकावा, दुहेरी पडताळणीची सोय असल्यास ती सुरू करावी आणि गाडीच्या पडद्यावर दुसऱ्या कोणाचा फोन जोडलेला राहिला नाही ना, हे पाहावे. दोन्ही किल्ल्या, चार्जिंग केबल, केबलची पिशवी आणि बॅटरीच्या हमीची स्वतंत्र कागदपत्रे मोजून घ्यावीत. नोंदणी क्रमांक एमएच ३१, ४९ की ४० मिळणार, हे आपला पत्ता शहराच्या कोणत्या भागात किंवा ग्रामीण हद्दीत येतो यावर ठरते. त्यात आपल्याला करण्यासारखे काही नाही, फक्त पत्त्याचा पुरावा अचूक असावा.

पायरी तिसरी: चार्जिंगची सवय लावून घ्यावी

आपल्या गाडीची बॅटरी कोणत्या रसायनाची आहे, हे माहितीपुस्तिकेत पाहावे, कारण सवय त्यावर ठरते. लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी जातीची बॅटरी असल्यास कंपन्या ती ठरावीक काळाने १०० टक्के भरायला सांगतात. या बॅटरीचा व्होल्टेज भरताना आणि रिकामी होताना फारसा बदलत नाही, त्यामुळे किती वीज शिल्लक आहे याचा अंदाज गाडीच्या संगणकाला अधूनमधून पूर्ण भरूनच सुधारता येतो. निकेल आणि कोबाल्ट असलेली एनएमसी जातीची बॅटरी असल्यास रोजच्या वापरासाठी ८० टक्क्यांवर थांबणे हिताचे असते आणि १०० टक्के फक्त लांबच्या प्रवासाच्या आदल्या रात्री भरावे.

दोन्ही प्रकारांत वेळेचे गणित सारखेच आहे. दुपारी दोन वाजता वर्धा रोडवरून घरी आलेली गाडी लगेच चार्जिंगला लावू नये. बॅटरी आणि गाडीचा तळ दोन्ही तापलेले असतात. ती सावलीत उभी करावी आणि अ‍ॅपमध्ये चार्जिंगची वेळ अशी ठरवावी की काम पहाटे निघण्याच्या थोडे आधी पूर्ण होईल. पहाटेची हवा त्यातल्या त्यात थंड असते आणि पूर्ण भरलेली बॅटरी दिवसभर उन्हात उभी राहत नाही. समजा बॅटरी ४० किलोवॉट-तासांची आहे आणि ती २० टक्क्यांवरून ८० टक्क्यांपर्यंत न्यायची आहे. बॅटरीत २४ युनिट (एक युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास) जायला हवेत. वाटेतील घट धरून मीटरवर २६-२७ युनिट पडतील आणि ३.३ किलोवॉटच्या चार्जरला सुमारे आठ तास लागतील. म्हणजे रात्री साडेनऊला सुरू केलेले चार्जिंग पहाटे साडेपाचच्या सुमारास संपते. शहरात रोज तीस-चाळीस किलोमीटर फिरणाऱ्या कुटुंबाला साधा चार्जर पुरतो, हे यावरून लक्षात येईल.

खर्चाचा हिशेब करताना नवखे लोक बिलातील सरासरी दर धरतात, तिथे हिशेब चुकतो. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांत असतात: पहिले १०० युनिट, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत आणि त्यापुढे. गाडीचे युनिट नेहमी वरच्या टप्प्यात जाऊन बसतात, कारण खालचे टप्पे पंखे आणि फ्रिज यांनी आधीच व्यापलेले असतात. महिन्याला १००० किलोमीटर आणि एका युनिटला साडेसहा किलोमीटर धरले, तर दीडशेहून थोडे अधिक युनिट लागतात. कूलर-एसीच्या महिन्यांत हे सगळे युनिट सर्वांत महागड्या टप्प्यात पडू शकतात. म्हणून गाडीसाठी वेगळे मीटर आपल्या बाबतीत मिळते का आणि त्याचा दर किती, हे महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात जाऊन विचारावे आणि आपल्या गेल्या बारा बिलांवर दोन्ही आकडे मांडून निर्णय घ्यावा. छतावर सौर पॅनल असेल तर हिशेब आणखी बदलतो.

उन्हाळ्यात गाडी बाहेर काढण्यापूर्वी पाच-दहा मिनिटे, प्लग लागलेला असतानाच, अ‍ॅपमधून एसी चालू करावा. तापलेली केबिन थंड करायला लागणारी वीज भिंतीतून घेतली जाते आणि बॅटरीतील वीज प्रवासासाठी उरते. बाजारातून परत निघताना प्लग नसतो, तेव्हा आधी चारही दारे मिनिटभर उघडी ठेवून गरम हवा जाऊ द्यावी आणि मग एसी लावावा.

पायरी चौथी: गाडीत काय ठेवावे आणि काय ठेवू नये

उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीचे आतील तापमान बाहेरच्या हवेपेक्षा पुष्कळ वर जाते आणि डॅशबोर्डचा पृष्ठभाग तर हात लावू देत नाही. अशा गाडीत लॅपटॉप, पॉवर बँक, वायरलेस इअरफोनची डबी, परफ्यूमचा डबा, सिगारेटचा लायटर, सॅनिटायझर यांपैकी काहीही ठेवू नये. पॉवर बँकेबाबत मी विशेष आग्रही आहे. फुगलेली पॉवर बँक गाडीत पेट घेऊ शकते आणि लिथियमची आग विझवणे अवघड असते. काचेमागे लावायची चांदीच्या रंगाची घडीची जाळी स्वस्त मिळते आणि तिचा उपयोग अनेक महागड्या उपकरणांपेक्षा जास्त आहे.

फोन नकाशासाठी लावताना वायरलेस चार्जिंगची जागा उन्हाळ्यात वापरू नये. त्या पद्धतीत बरीच वीज उष्णतेच्या रूपात वाया जाते, वरून नकाशा आणि मोबाइल डेटा चालू असतो, काचेतून ऊन येत असते. परिणामी फोन पडदा मंद करतो, चार्जिंग थांबवतो आणि नेमके वळण आले की नकाशा बंद पडतो. चांगली डेटा केबल घ्यावी, कारण केवळ चार्जिंगसाठी बनवलेल्या केबलवर अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले (फोनवरचा नकाशा आणि संगीत गाडीच्या पडद्यावर आणणाऱ्या सोयी) चालत नाही. फोन एसीच्या झडपेसमोर बसेल असा स्टँड घ्यावा. काचेला चिकटणारे रबरी स्टँड मे महिन्यात स्वतःहून सुटून पडतात.

डॅशकॅम घ्यायचा असेल तर त्यात लिथियम बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर (थोडी वीज साठवणारा भाग) आहे का, हे आधी पाहावे. उष्णता सहन करण्यात तो कितीतरी सरस असतो. मेमरी कार्ड सतत लिखाणासाठी बनवलेले, जास्त टिकाऊ वर्गातील घ्यावे, कारण साधे कार्ड पुन्हा पुन्हा लिहून लवकर निकामी होते आणि अपघाताच्या दिवशी रिकामे निघते. कॅमेरा आरशाच्या मागे लावावा, मात्र गाडीच्या स्वतःच्या सुरक्षा-कॅमेऱ्यासमोरची जागा झाकली जाता कामा नये. पार्किंगमध्येही चित्रण चालू ठेवण्याची जोडणी पहिल्या वर्षी करूच नये असे मला वाटते. विजेवरच्या गाडीतही १२ व्होल्टची लहान बॅटरी असते आणि दरवाजे, पडदा, मुख्य बॅटरीचा संपर्क जोडणारा स्विच हे सगळे तिच्यावर चालते. ती उतरली की मुख्य बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही.

गाडीच्या पडद्यावर दिसणारे बाहेरचे तापमान पाहून घाबरू नये. उन्हात उभ्या गाडीचा संवेदक बंपरच्या मागील तापलेली हवा मोजतो आणि चालू लागल्यावर काही मिनिटांनी खरा आकडा दाखवतो. ३० मे २०२४ रोजी नागपुरातील एका स्वयंचलित हवामान केंद्रावर ५६ अंशांची नोंद दिसली आणि शहरभर चर्चा झाली. नंतर हवामान विभागाने तो संवेदकाचा बिघाड असल्याचे स्पष्ट केले. आकडा यंत्राने दाखवला म्हणजे तो खराच, असे मानण्याआधी संवेदक कुठे बसवला आहे आणि कशासाठी बनवला आहे, हे विचारण्याची सवय तंत्रप्रेमी माणसाला असली पाहिजे.

पायरी पाचवी: टायर आणि समृद्धी महामार्ग

टायरमधील हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी तपासावी. चालकाच्या दाराजवळील पट्टीवर लिहिलेला आकडा थंड टायरसाठी असतो. तापमान दर पाच-सहा अंशांनी वाढले की दाब सुमारे १ पीएसआयने वाढतो, म्हणजे सकाळी ३३ असलेला दाब दुपारी सिमेंटच्या रस्त्यावर धावल्यावर ३८ दिसू शकतो. हे स्वाभाविक आहे आणि तो पाहून हवा कमी करू नये. कमी हवेचा टायर जास्त वाकतो, जास्त तापतो आणि वेगात फुटण्याचा धोका त्यालाच अधिक असतो. एक छोटा डिजिटल दाबमापक जवळ ठेवावा.

समृद्धी महामार्ग नागपूरजवळील शिवमडका येथून सुरू होतो. ७०१ किलोमीटरच्या या मार्गाचा शिर्डीपर्यंतचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. मोटारींसाठी वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे, परंतु विजेवरच्या गाडीने नवख्या माणसाने ९०-१०० वरच राहावे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ८० ऐवजी ११० ने गेल्यास तो जवळपास दुप्पट होतो आणि शहरात तीनशे किलोमीटर चालणारी गाडी इथे दोनशेच्या आसपास थकते. पहिला लांबचा प्रवास वर्धा किंवा अमरावतीपर्यंतचाच ठेवावा. वाटेतील चार्जिंग केंद्र त्या दिवशी चालू आहे का, हे अ‍ॅपवर निघण्याआधी पाहावे, बंद निघाल्यास दुसरे कोणते हे ठरवून ठेवावे, आणि तिथवर पोहोचताना बॅटरीत किमान २० टक्के शिल्लक राहतील असा बेत करावा. जलद चार्जिंग ८० टक्क्यांनंतर फार मंदावते, म्हणून तिथे थांबून पुढच्या केंद्राकडे निघणे वेळेच्या दृष्टीने फायद्याचे ठरते. सरळ रस्त्यावर डुलकी लागण्याचा धोका मोठा आहे. दर दीड-दोन तासांनी उतरून चालावे.

पायरी सहावी: घरातला संगणक

नागपूरच्या घरात संगणक कुठे ठेवावा, याचे उत्तर कूलर कुठे आहे यावर अवलंबून असते. कूलरच्या वाऱ्यात ओलावा असतो आणि बोअरवेलचे जड पाणी वापरत असल्यास त्यातील क्षारांचे सूक्ष्म थेंबही. संगणकाचा पंखा तीच हवा आत ओढतो. दोन उन्हाळ्यांनंतर कॅबिनेट उघडले तर हीटसिंकवर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागावर) धुळीचा ओलसर, घट्ट थर बसलेला दिसतो, जो फुंकरीने निघत नाही, ब्रशने खरवडावा लागतो. म्हणून संगणक कूलरच्या थेट झोतात ठेवू नये, शक्यतो कूलरच्याच भिंतीच्या कडेला ठेवावा आणि समोरची खिडकी उघडी ठेवावी म्हणजे ओली हवा बाहेर जाईल. होळीनंतर आणि दसऱ्याच्या सुमारास अशी वर्षातून दोन वेळा सफाई करावी.

यूपीएस घेताना व्हीए (व्होल्ट-अँपिअर) आणि वॉट यांत फरक असतो, हे लक्षात ठेवावे. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटपर्यंतच भार घेतो. त्यातील शिसे-आम्ल बॅटरीचे आयुष्य २५ अंशांच्या हिशेबाने सांगितलेले असते आणि त्यापुढे दर दहा अंशांना ते जवळपास निम्मे होते, असा सर्वसाधारण नियम आहे. त्यामुळे यूपीएस पश्चिमेच्या भिंतीला लावून किंवा बंद कपाटात ठेवू नये. वैशाखात संध्याकाळी वादळ आणि विजांचा कडकडाट सुरू झाला की संगणक, राउटर आणि गाडीचा चार्जर हे तिन्ही भिंतीतून काढून ठेवावेत. स्विच बंद करणे पुरेसे नाही.

पायरी सातवी: खाती, कागदपत्रे आणि फसवणूक

गाडीला फोन जोडताना ती संपर्कयादी आणि संदेश वाचण्याची परवानगी मागते. फक्त कॉल आणि संगीत लागत असेल तर बाकीचे नाकारावे. घराचा पत्ता नकाशात ‘घर’ या नावाने साठवण्याऐवजी जवळच्या चौकाचे ठिकाण साठवावे, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या हाती पडली तरी आपले दार उघड होत नाही. गाडी विकताना पडद्यावरील सर्व माहिती पुसून मूळ स्थितीत आणावी आणि अ‍ॅपमधून ती गाडी काढून टाकावी.

वाहन परवाना, नोंदणी प्रमाणपत्र आणि विमा हे डिजिलॉकरमध्ये उतरवून घ्यावेत. ते तपासणीच्या वेळी ग्राह्य धरले जातात. नव्या गाडीच्या मालकांना व्हॉट्सअ‍ॅपवर ‘आरटीओ चलान’ अशा नावाची फाइल येते, जिच्या नावाच्या शेवटी एपीके अशी अक्षरे असतात, म्हणजे ती फोनवर अ‍ॅप बसवणारी फाइल असते. ती उघडली की फोनचा ताबा दुसऱ्याकडे जातो आणि बँकेचे ओटीपी वाचले जातात. खरे चलान परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक टाकून पाहता येते, त्यासाठी कोणतीही फाइल उतरवावी लागत नाही. पैसे गेलेच तर एका क्षणाचाही विलंब न करता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. घरातील ज्येष्ठांच्या फोनमध्ये अनोळखी ठिकाणाहून अ‍ॅप बसवण्याची परवानगी आपण स्वतः बंद करून द्यावी.

पायरी आठवी: पहिल्या तीन महिन्यांत काय टाळावे

पुढच्या सीटमध्ये बाजूची एअरबॅग असेल तर बाजारातील साधे सीट कव्हर चढवू नये, कारण एअरबॅग फुगण्याची शिवण त्याखाली अडकते. वायर कापून जोडले जाणारे जादा दिवे, मोठे भोंगे, ॲम्प्लिफायर यांच्या मागे लागू नये. एका कापलेल्या वायरीवरून हमी नाकारली जाऊ शकते. गाडीच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली तर ती घरी, गाडी उभी असताना, पुरेशी बॅटरी आणि मोकळा वेळ असताना बसवावी. सकाळी ऑफिसला निघताना ते काम सुरू करू नये.

एक साधी वही किंवा फोनमधील तक्ता ठेवावा आणि दर रविवारी त्यात किलोमीटर, मीटरवरील युनिट, चारही टायरांचा दाब आणि न्यूट्रल-अर्थमधील व्होल्टेज हे लिहावे. पहिल्या सर्व्हिसिंगला जाताना हा तक्ता सोबत न्यावा आणि तीन गोष्टी स्पष्ट शब्दांत मागाव्यात: १२ व्होल्टच्या बॅटरीची चाचणी, मुख्य बॅटरीच्या शीतकाची पातळी आणि बॅटरीच्या आरोग्याचा छापील अहवाल. हा अहवाल गाडीच्या कागदपत्रांसोबत जपून ठेवावा, कारण पुढे हमीचा प्रश्न आलाच तर तुलना त्याच्याशीच होते.